कृष्णाकाठचे फलमद्य : चव, कायदा आणि लोकमत

पुण्या-मुंबईच्या लघुमद्यनिर्मितिगृहांत अलीकडे फळे आणि कोको घालून सिद्ध केलेली बीअर मिळू लागली आहे. सातारा जिल्ह्यातील स्ट्रॉबेरीसारखे आंबटगोड फळ आणि चॉकोलेट यांचा हा संयोग प्रथम चाखणाऱ्यास चमत्कारिक वाटतो. पेल्याचा रंग गडद तपकिरी असतो. पहिल्या घोटास फळाची आंबट छटा जिभेवर उमटते, तिच्या मागून भाजलेल्या धान्याचा कडसरपणा येतो आणि शेवटी कोकोचा गंध काही काळ रेंगाळतो. फळाची व चॉकोलेटची म्हणून जी गोडी अपेक्षिलेली असते, ती मात्र बहुधा सापडत नाही. अशा पेयाकडे पाहणारे लोक दोन पक्षांत विभागलेले दिसतात. एका पक्षाच्या मते हा पाश्चात्त्यांकडून आलेला नवा शोक आहे. आमच्या पूर्वजांना हे सारे अवगत होते, असे दुसरा पक्ष सांगतो. ही दोन्ही मते अर्धवट आहेत. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासाच्या आधारे ते दाखवून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास ऐतिहासिक कारण आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत असे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे महाबळेश्वरच्या माथ्यापासून मिरजेच्या काळ्या रानापर्यंतचा कृष्णाकाठ हा अबकारीच्या, दारूबंदीच्या आणि लोकचळवळींच्या इतिहासात एकच प्रदेश ठरतो.

१. चवीची मीमांसा

वर वर्णिलेल्या पेयात गोडी का उरत नाही, याचे उत्तर किण्वनाच्या क्रियेत आहे. किण्व फळातील साखर खाऊन टाकते आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर होते. साखर गेली की फळाचे आम्ल, रंग आणि थोडासा गंध एवढेच मागे राहते. कोकोचे तुकडे बहुधा मुख्य किण्वन आटोपल्यावर घालतात. तयार मद्यार्क त्यांतील गंध ओढून घेतो, परंतु कोकोतील स्निग्धांश अधिक उतरला तर बीअरचा फेस मरतो. ‘चॉकोलेट’ या शब्दाने फसून जाण्याचाही संभव असतो. मद्यनिर्मितीत ‘चॉकोलेट माल्ट’ या नावाने जो पदार्थ ओळखला जातो तो म्हणजे गडद भाजलेले सातूचे मोड. त्यात कोकोचा अंशही नसतो आणि हे नाव त्यास केवळ रंगावरून पडले आहे.

फळ आणि चॉकोलेट यांची मद्यातील सोयरीक मात्र आजची नाही. हाँडुरासमधील प्वेर्तो एस्कोंदिदो येथील उत्खननात मिळालेल्या भांड्यांच्या रासायनिक परीक्षणावरून हेंडरसन, जॉइस आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली असा निष्कर्ष मांडला की, तेथील लोक इसवी सनापूर्वी ११०० च्या आधीच कोकोचे पेय करीत होते आणि आरंभीचे पेय कोकोच्या बियांचे नसून त्या फळाच्या गोड गराचे आंबवलेले मद्य असावे. हे अनुमान मान्य केल्यास चॉकोलेट हेच मुळात एका फलमद्याच्या उद्योगातून उद्भवलेले ठरते. कोको कृष्णाकाठी होत नाही. म्हणून या पेयातील चॉकोलेटचा भाग परका आहे, हे मान्य करून आपण फळाच्या भागाकडे वळू.

२. संस्कृत ग्रंथांतील फलासवे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात आसवांचे चौऱ्यांशी प्रकार त्यांच्या योनींनुसार सांगितले आहेत. धान्याची सहा, फळांची सव्वीस, मुळांची अकरा, साराची म्हणजे लाकडाच्या गाभ्याची वीस, फुलांची दहा, कांडांची चार, पानांची दोन, सालींची चार आणि साखरेचे एक, असा हा हिशेब आहे. त्यात फळांचा वर्ग सर्वांत मोठा आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. द्राक्ष व खजूर यांच्या जोडीला जांभूळ, कवठ, बोर, फणस, उंबर ही ज्यांना आपण रानमेवा म्हणतो ती फळेही या यादीत आहेत. यांतील बहुतेक झाडे सह्याद्रीच्या पूर्व उतारावर व कृष्णाखोऱ्यात आजही आढळतात.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षप्रकरण याहून अधिक उद्बोधक आहे. त्यात आसवाची कृती अशी आहे : एक तुळा कवठ, पाच तुळा फाणित म्हणजे काकवी, आणि एक प्रस्थ मध. या प्रमाणाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. फळाच्या पाचपट काकवी आहे, म्हणजे मद्यार्क निर्माण करणारी साखर मुख्यतः उसाची आहे आणि कवठाचे काम आंबटपणा व गंध देण्याचे आहे. शार्ङ्गधरसंहितेतील द्राक्षारिष्टातही हीच रीत आढळते. तेथे अर्धी तुळा द्राक्षांस दोन तुळा गूळ सांगितला आहे. आजच्या फळाच्या बीअरमध्ये काकवीची जागा सातूच्या मोडांनी घेतली आहे, परंतु रचनेचे तत्त्व तेच आहे. साखर एका पदार्थाची आणि चव दुसऱ्याची. ज्या फळांत स्वतःची साखर अल्प असते त्यांच्या बाबतीत ही युक्ती अपरिहार्यच असते. पक्व द्राक्षाच्या रसात शेकडा वीसच्या आसपास साखर असते, तर स्ट्रॉबेरीत ती पाच-सहाच्या पुढे क्वचितच जाते. म्हणून द्राक्षाचे मद्य द्राक्षावर भागते. स्ट्रॉबेरीच्या मद्यास मात्र साखरेचा, मधाचा किंवा धान्याचा आधार घ्यावा लागतो.

बहुसंख्य आसवारिष्टांत धायटीची फुले घालण्याचा परिपाठ आहे. या फुलांच्या मधुरसात नैसर्गिक किण्व वास करते आणि पाकळ्यांतील तुरट द्रव्य पेयास टिकाऊपणा देते. धायटीची लाल फुलांची झुडपे साताऱ्याच्या डोंगरउतारांवर विपुल आहेत. ज्या काळी किण्वाचे स्वरूप कोणास ठाऊक नव्हते, त्या काळी ते कोठून आणावयाचे हे मात्र वैद्यास बिनचूक ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु यावरून प्राचीन काळी मद्यपान सर्वमान्य होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. धर्मशास्त्रकारांनी सुरापान महापातकांत गणले आहे. जेम्स मॅकह्यू यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात भारतीय मद्यविचारातील ही दुपेडी वीण सविस्तर उलगडून दाखविली आहे. पाककृतीचे सूक्ष्म ज्ञान आणि पानाचा कठोर निषेध या दोन गोष्टी एकाच समाजात शतकानुशतके शेजारी नांदल्या.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थशास्त्रातील आणखी एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. सुरा गाळण्याचा व विकण्याचा अधिकार राज्याच्या नियंत्रणाखाली ठेवताना कौटिल्याने दोन अपवाद केले. कुटुंबवत्सल गृहस्थास विशेष प्रसंगी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा होती. तसेच उत्सव, समाज व यात्रा यांच्या प्रसंगी चार दिवस मोकळीक दिली जाई. घरगुती उपयोग, औषधी उपयोग आणि बाजारातील विक्री यांत राज्यसंस्थेने भेद करावा, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मान्य झालेले आहे. या भेदाचे पुढे काय झाले, हाच खरा आपल्या चर्चेचा प्रश्न आहे.

३. मध्ययुग आणि मराठी राज्य

बाराव्या शतकात कृष्णाखोरे कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होते. त्या घराण्यातील तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६ ते ११३८) याच्या नावावरील मानसोल्लासात राजाच्या विलासांमध्ये मद्यपानक्रीडेचाही समावेश आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांची वाखाणणी केली. दख्खनची भूमी द्राक्षास नवी नव्हती, एवढे यावरून सिद्ध होते. परंतु ही द्राक्षे राजदरबाराच्या बागांतील होती. कृष्णाकाठच्या सामान्य शेतकऱ्याच्या शिवारात द्राक्षवेल फोफावण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. सामान्यांचे मादक पेय म्हणजे शिंदीच्या झाडाचा आंबलेला रस किंवा गुळाची दारू.

पेशवाईत मद्याविषयीचे धोरण निषेधाचे होते. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधीच्या १८१९ च्या अहवालात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पुण्यात मद्यविक्रीस बंदी असल्याचे आणि इतरत्रही तिला उत्तेजन नसल्याचे नमूद केले आहे. मद्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नावर राज्याचा डोलारा उभा नव्हता, ही या व्यवस्थेची महत्त्वाची बाजू होय. सातारच्या छत्रपतींचे राज्य १८१८ नंतर कंपनीच्या छत्राखाली चालू राहिले. १८२९ साली प्रतापसिंह महाराजांनी महाबळेश्वरचे पठार खंडाळ्याच्या मोबदल्यात इंग्रजांस दिले, आणि १८४८ साली ते राज्यच खालसा झाले. पहिल्या घटनेने या प्रदेशास स्ट्रॉबेरी मिळाली आणि दुसरीने अबकारी.

महाबळेश्वरास इंग्रजांचे थंड हवेचे ठाणे वसल्यावर तेथे चिनी व मलायी बंदिवानांचा तुरुंग काढण्यात आला. ते बंदिवान बटाटे व विलायती भाजीपाला पिकवीत. स्ट्रॉबेरीची लागवडही याच गोऱ्या वसाहतीच्या गरजेपोटी सुरू झाली. आज ज्या फळास महाबळेश्वरचे म्हणून २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, त्याचा इतिहास दोनशे वर्षांचाही नाही. परंतु एखादे फळ एखाद्या भूमीचे होण्यास किती पिढ्या लागाव्यात, याचा नियम कोणी घालून दिलेला नाही.

४. अबकारीची क्रांती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकारने मद्यव्यवहाराची घडी आमूलाग्र बदलली. चार्ल्स प्रिचर्ड यांच्या देखरेखीखाली अबकारीचे केंद्रीकरण करण्यात आले आणि १८७८ चा मुंबई अबकारी कायदा अस्तित्वात आला. गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून मध्यवर्ती भट्टीत दारू गाळावयाची, तिच्या तीव्रतेनुसार कर आकारावयाचा, विक्रीचे मक्ते लिलावाने द्यावयाचे आणि शिंदी-माडाच्या प्रत्येक झाडावर पट्टी बसवावयाची, असे या पद्धतीचे स्थूल स्वरूप होते.

या बदलाचे परिणाम दुहेरी झाले. पहिला परिणाम चवीवर झाला. मध्यवर्ती भट्टीस एकाच प्रकारचा, भरपूर आणि मोजता येण्याजोगा कच्चा माल हवा असतो. जांभळाचे वा बोराचे हंगामी आणि अल्प तीव्रतेचे पेय तिच्या हिशेबात बसत नाही. कर तीव्रतेवर असल्याने राज्याचे लक्ष सौम्य आंबवलेल्या पेयापेक्षा गाळलेल्या कडक दारूवर केंद्रित झाले. ज्या घरगुती कृती कौटिल्यानेही मोकळ्या ठेवल्या होत्या, त्या आता परवान्यावाचून गुन्हा ठरल्या. दुसरा परिणाम राज्यकारभारावर झाला. दारूचे उत्पन्न हा सरकारी तिजोरीचा एक मोठा आधार बनला आणि प्रजेच्या व्यसनात राज्याचे हितसंबंध गुंतले.

५. निषेधाची परंपरा

या नव्या व्यवस्थेस विरोध कोणी केला, हे पाहणे अगत्याचे आहे. दारूबंदी म्हणजे उच्चवर्णीयांच्या सोवळेपणाचा आविष्कार, असे सुटसुटीत विधान पुष्कळदा केले जाते. सातारा-सांगलीचा पुरावा या विधानास अनुकूल नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील कटगुण. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली. लोकमान्य टिळकांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधनाची चळवळ उभारली. राजकारणात व समाजकारणात परस्परांपासून दूर असलेले हे दोन प्रवाह या एका मुद्द्यावर जवळ आले, याचे कारण अबकारीच्या स्वरूपातच आहे. दारूचा गुत्ता हे सरकारी शोषणाचे गावातील सर्वांत ढळढळीत चिन्ह होते.

सातारा जिल्ह्यात सत्यशोधक समाजाचा प्रसार ज्या शेतकरी थरात झाला, त्याच थरातून १९४३ साली प्रतिसरकारची चळवळ उभी राहिली. तिचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील हे आजच्या सांगली जिल्ह्यातील येडेमच्छिंद्रचे. गावचे न्यायनिवाडे, सावकारीस आळा आणि खर्चाला फाटा देणारे गांधीविवाह यांच्याबरोबर दारूबंदी हा प्रतिसरकारच्या कार्यक्रमाचा भाग होता. परकी सत्ता नाकारणे आणि तिचा गुत्ता बंद पाडणे या या लोकांच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी नव्हत्या. दारूबंदीच्या मागे येथे धर्मशास्त्र नव्हते. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या व त्याच्या घरातील स्त्रीच्या अनुभवाचे बळ होते.

६. बंदीचा कायदा आणि आसवारिष्टे

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून प्रांतात संपूर्ण दारूबंदी जारी झाली. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरविले, मात्र औषधी उपयोगाचा अपवाद तेथेच नमूद केला. मुंबईच्या कायद्यातील ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक होती की मद्यार्कयुक्त औषधेही तिच्या कक्षेत येत. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली कायद्याची मुख्य चौकट वैध ठरविली, परंतु मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनद्रव्ये जवळ बाळगणे, विकणे व वापरणे यांवरील निर्बंध अवैध ठरविले.

या निर्णयाकडे केवळ घटनात्मक कायद्याच्या अभ्यासकांनी पाहून चालणार नाही. इतिहासाच्या दृष्टीने येथे कौटिल्याच्या दोन अपवादांपैकी एक, म्हणजे औषधी अपवाद, पुन्हा प्रस्थापित झाला. दुसरा, घरगुती व उत्सवप्रसंगीचा अपवाद, मात्र परत आला नाही. त्यामुळे कृष्णाकाठच्या घरांत द्राक्षाचे आंबवलेले पेय उरले ते द्राक्षासवाच्या वा द्राक्षारिष्टाच्या बाटलीत, जेवणानंतर समभाग पाण्याबरोबर घ्यावयाचे औषध म्हणून. ज्या घरात ‘दारू’ हा शब्द उच्चारणे निषिद्ध त्याच घरातील फडताळात हे स्वयंजात मद्यार्काचे पेय निःशंकपणे नांदत राहिले. यास ढोंग म्हणणे सोपे आहे. वस्तुतः त्यामागे मात्रा, प्रयोजन आणि प्रसंग यांचा जुना विवेक आहे. पदार्थ एकच असला तरी त्याचा उपयोग त्यास वेगळे नाव देतो, ही ती दृष्टी होय.

७. मळी, द्राक्ष आणि बेदाणा

दारूबंदीचा कायदा पुस्तकात राहिला आणि १९६० च्या दशकात त्याची अंमलबजावणी शिथिल करण्यात आली. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले. याच काळात कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. सांगलीच्या कारखान्याच्या उभारणीत वसंतदादा पाटील यांचा वाटा सर्वज्ञात आहे. साखरेबरोबर मळी येते, मळीपासून मद्यार्क निघतो आणि मद्यार्कापासून देशी दारू होते. मध्यवर्ती भट्टीस हवा असलेला एकजिनसी, विपुल कच्चा माल आता उसाच्या मळीने पुरविला. प्रिचर्ड यांनी घातलेली घडी अशा रीतीने स्वदेशी साधनांनी पूर्ण झाली. कौटिल्याच्या आसवातील काकवीचा भाग तेवढा उरला, कवठ मात्र गळून पडले.

त्याच दशकांत तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या अवर्षणप्रवण तालुक्यांत द्राक्षाची लागवड पसरत गेली. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने या पिकाचे ज्ञान शेतकऱ्यांत पसरविले. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या आर्वे यांनी थॉमसन सीडलेस जातीतून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात या भागाच्या शेतकऱ्याच्या निरीक्षणशक्तीची साक्ष आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, या दोन टप्प्यांवर सारे वर्ष बेतलेले असते. नेमक्या फुलोऱ्याच्या वा काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला तर वर्षाची मेहनत आठ दिवसांत नष्ट होते.

न खपलेल्या द्राक्षाचे करावयाचे काय, हा या शेतीचा मूलभूत प्रश्न आहे. जगाच्या अनेक भागांत त्याचे उत्तर मद्य हे होते. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने वेगळे उत्तर शोधले, ते म्हणजे बेदाणा. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. कोरड्या हवेत, शेडमधील जाळ्यांवर सावलीत द्राक्षे वाळवितात आणि माल शीतगृहात ठेवून भाव येईल तेव्हा विकतात. तासगावची बेदाण्याची बाजारपेठ देशभर प्रसिद्ध झाली आणि सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर स्ट्रॉबेरीच्या बाबतीत हेच घडले. १९५९ साली पाचगणीस सुरू झालेल्या ‘मॅप्रो’सारख्या उद्योगांनी अतिरिक्त फळाचे सरबत व मुरांबे केले. म्हणजे ज्या प्रदेशात फळ टिकविण्याचे प्राचीन साधन किण्वन हे होते, त्या प्रदेशाने कायद्याच्या व लोकमताच्या दडपणाखाली उन्हाचे आणि साखरेचे साधन स्वीकारले. हा पर्याय कमी प्रतीचा होता, असे म्हणता येणार नाही. त्याने हजारो कुटुंबांस जगविले.

८. पलूसचा प्रयोग आणि २०२२ चा वाद

२००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार वाइनला करसवलती मिळाल्या आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची योजना झाली. नाशिकचा प्रयोग फळास आला, पलूसचा त्या मानाने मागे पडला. याची कारणे इतिहासात आहेत. सांगलीची बाग ही खाण्याच्या व बेदाण्याच्या द्राक्षांची आहे. थॉमसन आणि तिच्या कुळातील जाती गोड व बिनबियांच्या असतात, परंतु वाइनला हवे असलेले आम्ल, गंध व सालीतील द्रव्ये त्यांत कमी पडतात. शिराज वा शेनिन ब्लांसारख्या जाती लावावयाच्या तर बाजारात त्या खाण्यासाठी विकता येत नाहीत, आणि खरेदीदाराने पाठ फिरविली तर त्यांचा बेदाणाही चांगला होत नाही. ज्याच्या हाती बेदाण्याचे खात्रीचे उत्तर होते, त्या शेतकऱ्याने हा धोका पत्करला नाही, यात नवल ते काय? शिवाय नाशिकला मुंबईच्या प्रवाशाची जी जवळीक लाभली ती पलूसला लाभली नाही.

त्यानंतरची महत्त्वाची घटना म्हणजे २७ जानेवारी २०२२ रोजीचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय. मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचे त्यात ठरले आणि फळउत्पादक शेतकऱ्याचे हित हे कारण पुढे करण्यात आले. त्यास तीव्र विरोध झाला. सातारा जिल्ह्यात वारकरी परंपरेतून उभ्या राहिलेल्या व्यसनमुक्त युवक संघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आंदोलन केले. निर्णय प्रत्यक्षात उतरण्यापूर्वीच जूनअखेर सरकार बदलले. या वादात एका बाजूने शेतकऱ्याचे नाव घेतले गेले आणि दुसऱ्या बाजूने शेतकऱ्याच्याच घरातील स्त्रीचे. दोन्ही साक्षीदार एकाच उंबरठ्याच्या आतले होते, हे मात्र कोणी फारसे बोलून दाखविले नाही.

दरम्यान १९४९ च्या कायद्याचे नाव २०१२ साली महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे झाले. ज्या कायद्याच्या शीर्षकात बंदी आहे त्याच कायद्याखाली परवाने दिले जातात आणि राज्यास मोठे उत्पन्न मिळते, ही विसंगती त्या नामांतराने अधिकच ठळक झाली. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ हे राज्यातील पहिले लघुमद्यनिर्मितिगृह निघाले, तेही याच कायद्याच्या परवान्याने. लेखारंभी वर्णिलेला फळ-चॉकोलेटच्या बीअरचा पेला या परवान्याचे अपत्य आहे. ज्याच्यापाशी शहरात जागा, भांडवल आणि परवाना आहे, त्यास फळ आंबवून चवीचे प्रयोग करण्याची मोकळीक आहे. ते फळ पिकविणाऱ्या मेटगुताडच्या वा भिलारच्या बागायतदाराने आपल्या घरी हीच क्रिया केली तर तो गुन्हा ठरतो.

९. समारोप

आता आरंभीच्या दोन मतांकडे परत येऊ. फळाचे आंबवलेले पेय हे परक्यांचे अनुकरण आहे, हे मत टिकत नाही. चरकाच्या यादीतील सव्वीस फळे आणि कौटिल्याचे कवठ त्याविरुद्ध साक्ष देतात. परंतु हे सारे आमचेच होते म्हणून ते आता निर्वेधपणे चालावे, हे मतही टिकत नाही. फुले, नाना पाटील आणि आजच्या गावोगावच्या स्त्रिया यांचा निषेध हाही त्याच मातीचा आहे आणि त्यामागील दुःख खरे आहे.

या दोन परंपरांचा परस्परांशी मूळचा विरोध नव्हता. तो विरोध तीव्र झाला तो अबकारीच्या मध्यस्थीने. सौम्य, हंगामी आणि घरगुती पेय या व्यवस्थेने नष्ट केले आणि कडक, बारमाही व लिलावाने विकली जाणारी दारू त्याच्या जागी आणली. लोकांनी प्रतिकार केला तो या दुसऱ्या वस्तूचा, परंतु कायद्याने दोहोंस एकच नाव दिल्याने पहिलीही निषेधाच्या तडाख्यात सापडली. कौटिल्याने केलेला घर, औषध आणि बाजार हा त्रिविध भेद पुन्हा विचारात घेतल्यावाचून फलमद्यासंबंधीची कोणतीही चर्चा सरळ मार्गावर येणार नाही. तो भेद आज कोणत्या रूपाने आणावयाचा, हे ठरविणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम नाही. मात्र ज्यांनी तो ठरवावयाचा त्यांनी बागायतदाराच्या हिशेबाच्या वहीबरोबर त्याच्या घरातील स्त्रीची साक्षही घ्यावी, इतके या दोन जिल्ह्यांचा इतिहास निश्चितपणे सांगतो.